सुपरवर्मवरून शेवग्याच्या पाल्यावर: आमच्या बिअर्डेड ड्रॅगनचं जेवण

ओळखीतल्या एका मुलाचं परदेशी जायचं ठरलं आणि त्याचा बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे पाळीव सरडा, आमच्या भांडुपच्या घरी आला. वयाने मोठा नर, अंगाने चांगला भरलेला. डॉक्टरांनी त्याला तळहातावर घेतलं, पोट चाचपलं आणि म्हणाले, "ही सगळी चरबी आहे. याला काय घालत होते?" तो जवळजवळ सुपरवर्म नावाच्या अळ्यांवरच वाढला होता. त्या अळ्यांत चरबी फार.

मूळ ऑस्ट्रेलियाच्या मधल्या कोरड्या भागातला हा सरडा. पिल्लू वाढीला लागलेलं असतं तेव्हा त्याला किडेच जास्त लागतात. साधारण दीड वर्षाचा झाला की प्रमाण उलटं होतं: तीन हिस्से पाला-भाजी आणि एखादा हिस्सा किडे, तेही आठवड्यातून दोन-तीनदा. आमचा पाहुणा मात्र पाल्याकडे ढुंकूनही बघत नव्हता.

डॉक्टरांनी आधी त्याच्या दिव्यांची चौकशी केली. बसायची जागा चाळीस अंशांच्या आसपास तापली नाही तर खाल्लेलं पचत नाही. यूव्हीबी, म्हणजे उन्हातले एक प्रकारचे अतिनील किरण, नसतील तर शरीरात डी-३ जीवनसत्त्व तयार होत नाही, मग कॅल्शियम कितीही घाला, ते हाडांना लागत नाही. हाडं मऊ पडतात, जबडा आणि पाय वाकतात. खिडकीत ठेवून भागत नाही, कारण काच यूव्हीबी अडवते. म्हणून आधी यूव्हीबीची नवी ट्यूब बसवली आणि मग बाजाराची पिशवी उचलली.

मुंबईत पाल्याला तोटा नाही, पण आपल्याला जे पौष्टिक ते सगळं त्याला चालत नाही. पालक, चुका, माठ, अळू यांत ऑक्झलेट भरपूर, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. लेट्यूस म्हणजे बहुतेक पाणीच. अ‍ॅव्होकॅडो तर विषारी. कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट असावं असा अंदाज धरतात, आणि त्या हिशेबात शेवग्याचा पाला फार उपयोगी पडतो. आम्ही मालवणकडचे, गोकुळाष्टमीला ही भाजी घरात होतेच. पण भाजीवाल्या मावशी एरवी शेंगाच आणायच्या. "रोज पाला कशाला गं? अष्टमी तर लांब आहे," त्या म्हणाल्या. कारण सांगितल्यावर खूप हसल्या, आणि तेव्हापासून वसईहून येताना आमची जुडी न चुकता बाजूला ठेवतात.

खरी कसोटी घरी होती. सकाळी दिवा लागून तो नीट तापला की ताटली ठेवायची: बारीक चिरलेला शेवगा, थोडी कोथिंबीर, किसलेला लाल भोपळा. तो मान तिरकी करून एका डोळ्याने बघायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. आईचा जीव तुटायचा. "अगं, उपाशी राहील गं तो. दे की एखादी अळी." मलाही राहवत नव्हतं. पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की अंगावर एवढा साठा असलेला मोठा ड्रॅगन थोड्या उपासाने खंगत नाही; वजन मात्र नियमित करा. स्वयंपाकघरातला काटा त्याच्या नावावर लावला.

शेवटी युक्ती चालली ती हलत्या पाल्याची. दोन मीलवर्म पाल्याखाली ठेवले की वरची पानं हलायची. त्याने झडप घातली की अळीबरोबर एखादं पान तोंडात जायचं. आधी ते जिभेने ढकलून टाकायचा, मग चावायला लागला. स्वतःहून खाल्लेली पहिली गोष्ट म्हणजे खाली कुंडीतल्या जास्वंदीची लाल पाकळी. तिचा तुकडा जबड्याच्या कडेला चिकटलेला बघून आईने मला हाक मारली. दोघी कितीतरी वेळ बघत राहिलो.

आता किडे संध्याकाळी देतो, पण दिवा मालवायच्या बऱ्याच आधी. मीलवर्म क्रॉफर्ड मार्केटमधून आणते. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. त्या अळ्यांना आदल्या दिवशी गाजर आणि पाला खाऊ घालते, कारण त्यांच्या पोटात जे असेल तेच याच्या पोटात जातं. किड्यांमध्ये फॉस्फरस जास्त, म्हणून वरून कॅल्शियमची पूड. घरातलं झुरळ किंवा सोसायटीच्या बागेतला किडा कधीच नाही, फवारणीचं विष कुठे असेल सांगता येत नाही. पपईचा तुकडा कधीतरी.

पावसाळ्यात जास्त लक्ष द्यावं लागतं. पाला धुऊन पंचावर पूर्ण कोरडा करते आणि उरलेला दुपारच्या आत काढून टाकते, दमट हवेत तो लगेच सडतो. गणपतीला आम्ही गावी जातो तेव्हा त्याला शेजारच्या काकूंकडे ठेवते. त्यांच्या फ्रिजवर यादी चिकटवलेली असते, आणि त्यात सगळ्यात वर लाल शाईने पालक आणि अळूवर फुली आहे.