एका ओळीसाठी सव्वीस दिवस

आजार आधी आमच्या शिंप्याच्या लक्षात आला. गळ्याभोवती टेप फिरवून म्हणाला, "साहेब, मागच्या दिवाळीला साडेसोळा होता, आता साडेअठरा. माप बरोबर घेतलंय ना मी?" कानांमागे, मानेवर, खांद्यांवर, दंडांवर, दोन्ही बाजूंना अगदी सारखी चरबी. पाय मात्र काडीसारखे. थायरॉईड झालं, ते नॉर्मल आलं. शेवटी एका सर्जननी मान चाचपली आणि पहिलाच प्रश्न टाकला, "रोज किती घेता?"

मॅडेलुंगचा आजार. १८८८ साली ज्या जर्मन सर्जननं त्याबद्दल लिहिलं, त्याचं नाव. बहुतेक मध्यमवयीन पुरुषांना, त्यातही पिणाऱ्यांना होतो. न पिणाऱ्यांनाही होतो म्हणतात, पण मी त्यांच्यातला नव्हतो. सोडली त्याच आठवड्यात. सोडल्यानं आलेली चरबी उतरत नाही, हे नंतर कळलं. साध्या लायपोमाला, म्हणजे चरबीच्या गाठीला, कवच असतं, शेंगेतून मटार निघावा तसा तो निघतो. या आजारातल्या चरबीला कवच नाही, ती स्नायूंच्या मधे शिरते. म्हणून ऑपरेशन किचकट, आणि परत येण्याची शक्यता.

सीटी स्कॅन दहा-पंधरा मिनिटांत झाला. (कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅन स्पष्ट दिसावा म्हणून शिरेतून द्यायचं औषध, देणार असतील तर क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, ताजा रिपोर्ट आधीच खिशात ठेवा.) उताणं झोपल्यावर मात्र जीव घाबरला. घरी मी तीन उशा घेऊन झोपायचो, घोरण्यानं बायको दुसऱ्या खोलीत गेलेली. हे मी टेक्निशियनला सांगितलं, त्यानं मान डोलावली. लिहून कुणीच घेतलं नाही. सगळं घोडं इथेच पेंड खाणार होतं.

विम्याकडे कॅशलेसची मंजुरी मागितली. दोन दिवसांत उत्तर आलं: कॉस्मेटिक, मंजूर नाही. म्हणजे मी गळा सुंदर करून घ्यायला निघालो होतो! पॉलिसीचं पुस्तक उलटंसुलटं करून वाचलं. वगळलेल्या गोष्टींच्या यादीत 'एक्सक्ल ०८' या कोडखाली कॉस्मेटिक सर्जरी आहे, पण त्याच कलमात पुढे आहे की तब्येतीला थेट आणि तातडीचा धोका असेल आणि उपचार करणारा डॉक्टर तसं लिहून देत असेल तर चालेल. सर्जननी लगेच लिहून दिलं. विमावाले म्हणाले, श्वासनलिकेवर दाब असल्याचं स्कॅनच्या रिपोर्टमध्ये कुठे आहे?

नव्हतंच. स्कॅनच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं फक्त 'मानेला सूज, लायपोमा?' त्यामुळे रिपोर्टही तेवढाच: कवच नसलेली पसरट चरबी, गाठ नाही, लिम्फ नोड (मानेतल्या लसिका ग्रंथी) वाढलेले नाहीत. श्वासनलिकेबद्दल चकार शब्द नाही.

सेंटरच्या काउंटरवर गेलो. "रिपोर्ट फायनल झालाय, बदल होत नाही." चार दिवसांनी परत. "डॉक्टर रजेवर आहेत." पुन्हा आठवड्यानं. "पुन्हा स्कॅन करायचा असेल तर पैसे भरा." त्या पोरीनं एकदाही मान वर केली नाही. तिसऱ्या फेरीला मी शांतपणे विचारलं, "बदल नको, अ‍ॅडेंडम हवाय." अ‍ॅडेंडम म्हणजे मूळ रिपोर्ट तसाच ठेवून त्याला जोडलेली पुरवणी; हा शब्द सर्जनच्या ज्युनियरनी कानात सांगितला होता. तो ऐकल्यावर मात्र तिनं अर्ज मागितला, सोबत सर्जनची नवीन चिठ्ठी, त्यावर झोपल्यावर गुदमरणं, घोरणं, गिळताना अडकणं, सगळं लिहिलेलं. अर्ज देऊनही नऊ दिवस गेले. रोज फोन, रोज "उद्या".

सव्विसाव्या दिवशी रेडिओलॉजिस्टनीच, म्हणजे स्कॅन वाचून रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांनीच, आत बोलावलं. चहाचा कप बाजूला ठेवून माऊस फिरवायला लागले, माझी मान पडद्यावर वरून खाली सरकू लागली. हाडं पांढरी, चरबी काळपट. मधली हवेची काळी चकती, म्हणजे श्वासनलिका, हळूहळू चिंचोळी होत गेली. "पुरुषांत इथे आडवी रुंदी १३ ते २५ मिलिमीटर असते. तुमची ९." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "चिठ्ठीत हे असतं तर पहिल्याच दिवशी मोजलं असतं." चार मिनिटांचं काम होतं हो!

अ‍ॅडेंडम जोडला, विमा चौथ्या दिवशी मंजूर. त्यात स्लीप स्टडीचा, म्हणजे झोपेतला श्वास तपासतात त्याचा, रिपोर्टही लावला होता, तोही वेळेत करून ठेवा. आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना दारूचा खरा आकडा सांगा. अशा मानेत श्वासासाठीची नळी घालणं अवघड असतं, माझ्या वेळी जागं ठेवूनच दुर्बिणीतून घातली. बाकी ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

एक राहिलंच. स्कॅनची सीडी त्याच दिवशी मागून घ्या. मी नंतर मागितली तर तिचे वेगळे दोनशे लावले, आणि पावती मागितल्यावर काउंटरवरची तीच पोरगी म्हणाली, "उद्या या."