नाक मोकळं, पण वास गायब

एप्रिल २०२०. आमच्या कान-नाक-घशाच्या ओपीडीत तेव्हा फक्त तातडीचे रुग्ण बघत होतो. एक शिक्षिका आल्या. ताप नाही, खोकला नाही, नाक मोकळं. "डॉक्टर, सकाळपासून साबणाचासुद्धा वास येत नाहीये. जेवण नुसतं खारट-गोड लागतंय."

नेहमीच्या सर्दीत वास जातो तो बहुधा नाक चोंदल्यामुळे. वासाचे कण वरपर्यंत पोचतच नाहीत. इथे तसं काहीच नव्हतं. नाकात दुर्बीण घालणं त्या दिवसांत धोक्याचं, म्हणून पूर्ण किट घालून नुसत्या टॉर्चने पाहिलं. ना सूज, ना मांस वाढलेलं. मग डोळे मिटायला सांगून स्पिरिटचा बोळा नाकाजवळ धरला. "वास नाही, पण झोंबतंय," त्या म्हणाल्या. मला हेच तपासायचं होतं. झोंबणं कळतं ते ट्रायजेमिनल या वेगळ्याच नसेमुळे. ती शाबूत होती, गंधाची वाट तेवढी बंद पडली होती.

मार्चमध्येच ब्रिटनच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी इशारा दिला होता की, अचानक वास जाणं हे कोविडचं एकमेव लक्षण असू शकतं. पण चाचणीच्या निकषांत बऱ्याच ठिकाणी ते अजून आलं नव्हतं. ताप नाही तर चाचणी नाही, असं मला फोनवर ऐकवलं गेलं. मी हटून बसलो. बाईंच्या घरी वृद्ध सासूबाई होत्या. रिपोर्टची वाट न बघता वेगळ्या खोलीत राहायला सांगितलं, आणि गॅस गळला किंवा काही जळलं तरी कळणार नाही, म्हणून स्वयंपाकघर दुसऱ्या कुणाकडे द्यायलाही. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. सासूबाई वाचल्या याचं समाधान मला आजही आहे.

विषाणू मुख्यतः गंधाच्या चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींत शिरतो, कारण एसीई-२ हे त्याचं प्रवेशद्वार तिथे असतं, चेतापेशींवर नसतं. हे त्याच वर्षी पुढे स्पष्ट झालं. बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परततो तो बहुधा यामुळेच.

बाईंचा परतला, पण बिघडून. कॉफीला जळक्या रबरासारखा वास यायचा. याला पॅरॉस्मिया म्हणतात, आणि रुग्ण यानं फार खचतो. गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग असे चार वास रोज दोनदा, लक्ष देऊन हुंगायचा सराव त्यांना दिला. लवंग आधी ओळखू आली, मग लिंबू. कॉफीला मात्र कित्येक महिने लागले.