आमची वाटचाल : पगारपत्रकापासून वाटाघाटीच्या टेबलापर्यंत

बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातल्या खासगी दवाखान्यांचं पीएफ-ईएसआयचं (भविष्य निर्वाह निधी आणि कामगार विम्याचं) काम करायला आमची फर्म सुरू झाली. चलन भरायचं, हजेरीपत्रक पगारपत्रकाशी जुळवायचं, एवढंच काम. पुढे सिस्टर, मावशी, वॉर्डबॉय संघटित होऊ लागले आणि 'संघटनेचं पत्र आलंय, काय करू?' असे फोन येऊ लागले. आज आमचं निम्मं काम तेच आहे.

पहिलं उत्तर ठरलेलं : पत्र घ्या, आवक वहीत नोंदवा, शिक्का मारून तारखेसह पोच द्या. नाकारलेलं पत्र रजिस्टर्ड पोस्टानं येतंच, आणि 'मालक बोलायलाच तयार नाहीत' हे कामगार खात्याला दाखवायला तेवढा कागद पुरतो. मग संख्येचा हिशेब. संघटनेच्या नोंदणीच्या अर्जासाठी कामगारांपैकी १० टक्के किंवा १०० यांतली कमी असेल ती संख्या लागते, मात्र सातच्या खाली चालत नाही. म्हणजे ६० जणांच्या नर्सिंग होममध्ये ७, १४० जणांच्या दवाखान्यात १४. हिशेब कागदावरच ठेवा. सह्या कोणी केल्या हे वॉर्डात विचारत फिरू नका.

सीमाभागात एक चूक हमखास होते. कोल्हापूरचा नातेवाईक किंवा सल्लागार महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता कायद्यातला नमुना पाठवतो : सलग सहा महिने ३० टक्के सभासद, मगच मान्यता. तो कायदा कागलपर्यंत, म्हणजे महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत; निपाणी कर्नाटकात. निपाणीत त्याचा आधार घेऊन उत्तर दिलं की संघटनेचा वकील पहिल्याच बैठकीत ते बाजूला सारतो. दोन्ही बाजूंना शाखा असतील तर दोन वेगळ्या फायली ठेवाव्या लागतात.

दुसरी चूक मालकाला चूक वाटतच नाही, म्हणून ती जास्त महागात पडते. पत्र आल्यावर आठवड्याभरात बेळगावच्या सिस्टरची निपाणीला बदली करणं, सीनियॉरिटी हलवणं, आपल्या माणसांची वेगळी संघटना उभी करणं, हे सगळं अनुचित कामगार प्रथेत मोडतं. इतकंच काय, संघटना बांधली जात असताना तिला खीळ बसावी म्हणून दिलेली पगारवाढसुद्धा त्याच यादीत आहे. चांगल्या मनानं वाढ द्यायची असेल तर ती आधीच ठरलेली होती हे दाखवणारा कागद हवा. नव्या औद्योगिक संबंध संहितेत अशा प्रथेला १० हजार ते २ लाख रुपये दंड आहे.

ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. अनेक संघटना असतील तर हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना एकटी वाटाघाटी करते. तेवढा पाठिंबा कुणालाच नसेल तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांची मिळून वाटाघाटी परिषद बसते. २० किंवा अधिक कामगार असतील तर तक्रार निवारण समिती नेमावीच लागते. सेवाशर्ती बदलायच्या तर २१ दिवसांची नोटीस. 'आम्ही ट्रस्ट, आम्हाला हे लागू नाही' असं पुष्कळ जण म्हणतात. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ सालीच बंगळूर पाणीपुरवठा खटल्यात दवाखाना उद्योगात धरला होता. संहितेनं मुख्यतः धर्मादाय काम करणाऱ्या संस्थांच्या दवाखान्यांना वगळलंय, पण फी घेणाऱ्या दवाखान्यानं नुसत्या ट्रस्टच्या नावावर विसंबू नये.

संपाची नोटीस आली की घाबरण्यापेक्षा दिवस मोजावेत. नोटीस दिल्यापासून १४ दिवस संप करता येत नाही, आणि ती ६० दिवसांपर्यंतच चालते. निम्म्या किंवा जास्त कामगारांनी एकाच दिवशी ठरवून किरकोळ रजा टाकली तर तोही संपच, म्हणून रजेच्या प्रत्येक अर्जावर तारीख-वेळ हवी. त्या १४ दिवसांत आयसीयू, डायलिसिस आणि लेबर रूमला किती माणसं लागतील याची यादी संघटनेबरोबर बसून करा. आमच्या अनुभवानं या यादीवर सही बहुतेक वेळा मिळते. रुग्णाला सोडून जायचं सिस्टरच्याही जिवावर येतं.

खरं दुखणं बहुधा ड्युटी चार्टवर सापडतं. चार्टवर 'नाइट' म्हणजे रात्री ८ ते सकाळी ८. हजेरीत त्यासमोर एकच टिक, जादा तासांचा रकाना कोरा. महिन्याला अशा आठ रात्री धरल्या तर नेहमीच्या आठ तासांवरचे ३२ तास कुठेच दिसत नाहीत. जोडीला १ एप्रिलला वाढलेला महागाई भत्ता जूनपर्यंत पगारपत्रकात चढलेला नसतो. म्हणून आम्ही उत्तराचा मसुदा करण्याआधी बारा महिन्यांचे चार्ट मागवतो, फरक काढतो आणि तो चुकता करायला सांगतो. पण ही थकबाकी आहे, वाढ नव्हे, हे पगारचिठ्ठीवर वेगळ्या ओळीत लिहायला लावतो, नाहीतर वर सांगितलेल्या आरोपात मालक अडकतो.

करार कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत झाला तरी त्याची मराठी प्रत आम्ही करतोच. मावशींना ती वाचून दाखवली जाते, आणि 'वाचून दाखवलं, समजलं' या ओळीखाली सही किंवा अंगठा घेतला जातो.