मुठीतला ढिलेपणा

बजाजच्या जुन्या चेतक स्कूटरच्या डाव्या मुठीवर १, ०, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. आमच्या गाडीत गेली काही वर्षं ते नुसते शोभेला होते. दोनवर खूण आणली तरी इंजिन न्यूट्रलमध्येच घोंघावायचं, आणि तिसरा गिअर तीन-चारच्या मध्ये कुठेतरी भेटायचा. बाबांना याची तक्रार नव्हती. त्यांचं मनगट आकडे वाचतच नव्हतं.

या स्कूटरचा वंश इटलीच्या व्हेस्पा स्कूटरचा. पुण्याजवळच्या आकुर्डीच्या कारखान्यातून चेतक १९७२ पासून बाहेर पडू लागली, तेव्हापासून तिचे गिअर हातातच. क्लच दाबायचा आणि अख्खी मूठ पिळायची. मुठीच्या आत एक पुली, तिला दोन तारा. त्या चौकटीच्या पोकळीतून गाडीच्या पोटाखाली सिलेक्टर बॉक्सपर्यंत, म्हणजे गिअर बदलणाऱ्या पेटीपर्यंत, जातात. ताक घुसळताना रवीची दोरी जशी एकीकडून ओढली की दुसरीकडून सुटते, तसाच हा खेळ. त्यामुळे एकच तार ताणून भागत नाही.

दुसरा गिअर चालता चालता सटकू लागला की मेकॅनिक आधी गिअरबॉक्सचं नाव घेतात. आतला क्रॉस, म्हणजे गिअर पकडून ठेवणारा फुलीच्या आकाराचा भाग, झिजला की तसं होतं हे खरंच, पण त्यासाठी इंजिन उतरवावं लागतं. मी स्वस्तातल्या संशयिताकडे, म्हणजे तारेकडे, आधी वळतो. खाली पडून टॉर्च मारला, तर सिलेक्टरपाशी तारेचा पीळ सुटून धागे बाहेर आले होते आणि बाहेरचं आवरण गंजून वाकलं होतं.

पुण्यात नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानदाराने एवढंच विचारलं, “नुसती तार देऊ की आवरणासकट?” आवरणासकट घ्यावी. जुन्या आवरणात नवी तार घालणं ही काटकसर नव्हे, पुढच्या पावसाळ्याचं काम आहे.

नवं आवरण ओवायचं तर जुनं आधी ओढून काढायचं नाही. नव्याचं टोक त्यालाच घट्ट बांधायचं. जुनं निघता निघता नव्याला वाट दाखवतं. हे ज्याने पहिल्यांदा केलं त्याला माझा नमस्कार. मग तारेला ग्रीस फासायचं, वरचं टोक पुलीत बसवायचं. आता क्रम महत्त्वाचा: आधी इंजिन न्यूट्रलमध्ये, मग मूठ शून्यावर, आणि तेव्हाच तारा धरणारे खालचे स्क्रू आवळायचे. गाडी स्टँडवर, इंजिन बंद. एका हाताने मागचं चाक फिरवत दुसऱ्याने मूठ पिळायची. चाक थांबलेलं असलं तर चांगले गिअरही पडत नाहीत, आणि माणूस उगाच तारेला दोष देतो.

एक, शून्य, दोन, तीन, चार. प्रत्येक आकड्यावर टक्‌कन आवाज. मी खूश.

बाबा चक्कर मारून आले ते कपाळाला आठ्या घालूनच. तिसरा टाकायला गेले की चौथा पडत होता. ढिल्या तारेसाठी मनगट जेवढं जास्त वळायचं, तेवढंच ते अजून वळत होतं. “ही आपली गाडी वाटत नाही रे,” म्हणाले. “थोडी सैल कर.”

बरोबर बसवलेली तार मुद्दाम बिघडवायची? पण मूठ जरा जड लागत होती, हेही खरं. पाना घेऊन पुन्हा खाली शिरलो आणि दोन्ही तारांना अर्धा आटा सूट दिली. बाबा वरून विचारत होते, “झालं का?”