‘से’ यायला लागलेले अकरा महिने

कोर्टात ‘से’ नावाची एक चीज असते. आपण अर्ज द्यायचा आणि समोरच्याने त्यावर आपलं म्हणणं दाखल करायचं, तो ‘से’. मी अंतरिम पोटगीचा, म्हणजे खटला चालू असेपर्यंतच्या पोटगीचा, अर्ज दिला जून २०२३ मध्ये. महिन्याभरात नवऱ्याला नोटीस बजावली गेली, समुपदेशकांकडे दोन बैठका झाल्या, त्यातून काही निघालं नाही. इथपर्यंत सगळं सुरळीत.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ मध्ये म्हटलंय की नोटीस बजावल्यापासून असा अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा. सगळी मेख त्या ‘शक्यतो’त आहे.

सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. माझं अर्जासोबतच गेलं होतं. शिकवणीचे साडेनऊ हजार, पोस्टातली आरडी, भिशीसुद्धा. “भिशी कशाला लिहिता?” माझ्या वकिलांची ज्युनिअर म्हणाली. मी लिहिली. पुढे युक्तिवादात त्याच्या वकिलाने नेमकी भिशीच काढली, तर ती पान तीनवर होती. तुम्हीही काही लपवू नका.

त्याचं प्रतिज्ञापत्र मात्र येईना. आधी वकीलपत्र दाखल करायला मुदत, मग नुसतीच मुदत. एकदा न्यायाधीश रजेवर, एकदा त्याचा वकील हायकोर्टात. मग दोन तारखा ‘सीएकडून कागद यायचे आहेत’. हार्डवेअरचं दुकान आहे त्याचं, कारखाना नाही. मी सकाळची बॅच बुडवून अकरापासून बाकावर. पावणेदोनला पुकारा, आत जाऊन मिनिटभरात बाहेर, शिपाई कागदाच्या कपट्यावर पुढची तारीख लिहून देणार. असे नऊ कपटे माझ्या पर्समध्ये जमले.

शेवटी वैतागून रोजनाम्याची, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं याच्या कोर्टातल्या नोंदीची, नक्कल काढली. हे मी तिसऱ्या तारखेलाच करायला हवं होतं. घरी आईसमोर वाचत बसले. ‘सामनेवाल्यांचा मुदत अर्ज, मंजूर.’ ‘मुदत अर्ज, मंजूर.’ आणि मध्ये चार ठिकाणी: ‘अर्जदारातर्फे हरकत नाही.’

अर्जदार म्हणजे मी!

माझ्या वकीलसाहेबांना विचारलं तर म्हणाले, “अहो ताई, आम्हा वकिलांना बारमध्ये एकमेकांना सांभाळून घ्यावं लागतं. उद्या मलाही मुदत लागेल.” मी त्यांना म्हटलं, तुमचं सांभाळणं माझ्या घरभाड्यातून होतंय. वकील बदलायचा विचार केला, पण भरलेली फी आठवली. त्याऐवजी पुढच्या तारखेला लेखी हरकत घ्यायला लावली. त्याच २०२० च्या निकालात आहे की ‘से’ आणि प्रतिज्ञापत्राला जास्तीत जास्त चार आठवडे, आणि दोनपेक्षा जास्त संधी नाही. न्यायाधीश मॅडमनी रोजनामा मागे मागे चाळला, चष्मा काढला आणि शेवटची संधी दिली, २,००० रुपये खर्चासह. ते दोन हजार मला मिळाले. अजून मोडलेले नाहीत.

मग पुढच्याच तारखेला ‘से’ आला. मासिक उत्पन्न अठरा हजार. एवढं हसू मला लग्नातही आलं नव्हतं. फ्लॅट दोघांच्या नावावर, कर्जातही मी सहकर्जदार. बँकेत अर्ज देऊन कर्जाच्या फाइलची प्रत आणली. कर्ज मिळवताना जोडलेली त्याची तीन वर्षांची आयकर रिटर्न्स तिथे होती. ऑगस्ट २०२४ मध्ये महिना १५,००० मंजूर झाले, अर्जाच्या तारखेपासून. हा ‘अर्जाच्या तारखेपासून’ मुद्दा वकिलाला विसरू देऊ नका. माझ्या बाबतीत चौदा महिन्यांचे २,१०,००० होत होते.

फ्लॅटचा दावाही याच कोर्टात आहे. बुकिंगच्या वेळी माझ्या पाटल्या मोडल्या होत्या. सराफाची पावती आणि त्याच आठवड्यात बिल्डरला गेलेला चेक, दोन्ही जोडलेत. आणि हो, महाराष्ट्रात बायकांना अशा दाव्यांत कोर्ट फी माफ आहे. हे मला खिडकीवर कोणी सांगितलं नाही, रांगेत पुढे उभ्या असलेल्या बाईंनी सांगितलं.

थकबाकीपैकी साठ हजार आलेत. बाकीसाठी दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, लावली आहे. परवा त्यावरही मुदत अर्ज आला. या वेळी वकीलसाहेबांनी पेनचं टोपण काढायच्या आधी माझ्याकडे पाहिलं.