कंपायलरचा संशय फिटेपर्यंत

रत्नागिरीजवळच्या एका पॅकिंग शेडसाठी मी हापूसचे फोटो तपासणारा प्रोग्राम सी भाषेत लिहिला. साका (आतला गर खराब होणं) बाहेरून दिसत नाही, त्यामुळे काम फक्त सालीवरच्या डागांचं. पिक्सेल ठरलेल्या मर्यादेपेक्षा उजळ असेल तर २५५, नाहीतर शून्य. ऐन सीझनात बागायतदार काका म्हणाले, "अरे, पेटी भरून झाली, तुझं मशीन अजून विचारच करतंय!"

लूप, म्हणजे पिक्सेलमागून पिक्सेल फिरणारा भाग, चार ओळींचा. क्लँगला, म्हणजे सीचं मशीन कोडमध्ये रूपांतर करणाऱ्या माझ्या कंपायलरला, ओ-टू हा वेगासाठीचा पर्याय दिलेला होता, म्हणजे व्हेक्टरायझेशन (एका सूचनेत अनेक पिक्सेल हाताळणं) चालू असायला हवं. तरी एकेक बाइटच पुढे सरकत होता. त्याला रिमार्क, म्हणजे स्वतःचे शेरे, छापायला सांगितले, तर उत्तर आलं की लूपच्या फेऱ्या किती होतील तेच ठरवता येत नाही. आता काय म्हणावं? फेऱ्या रुंदीइतक्या, आणि रुंदी इमेजच्या स्ट्रक्टमध्ये (माहितीच्या गठ्ठ्यात) लिहिलेली आहे आणि लूपमध्ये तिला कोणी हातही लावत नाही.

कंपायलरने बनवलेली असेंब्ली (प्रोसेसरच्या सूचना) उघडली. प्रत्येक फेरीत रुंदी मेमरीतून नव्याने वाचली जात होती, मर्यादाही. कहर म्हणजे, पिक्सेल कुठे आहेत हे सांगणारा पॉइंटरसुद्धा!

गोम पिक्सेलच्या टाइपमध्ये होती. इंटच्या (पूर्णांकाच्या) जागेत फ्लोटच्या (दशांश संख्येच्या) पॉइंटरने लिहायचं नाही, असा सीचा नियम आहे. त्याच्या जोरावर कंपायलर धरून चालतो की वेगळ्या टाइपचे पॉइंटर एकाच जागेवर बोट ठेवत नाहीत. क्लँग त्यासाठी लोड-स्टोअरना (मेमरीतून वाचण्या-लिहिण्याच्या सूचनांना) टाइपची चिठ्ठी, म्हणजे मेटाडेटा, चिकटवतो. (लिनक्स कर्नलवाले हा नियम सरळ बंद करून बिल्ड करतात, आणि मला त्यांचं पटतं.) पण कॅर या एका बाइटच्या टाइपला यातून सूट आहे, त्याला कुठलीही जागा चालते. आठ बिटांचा पिक्सेल म्हणजे अनसाइन्ड कॅरच. म्हणून एक पिक्सेल लिहिला की कंपायलरला शंका येते, हा बाइट रुंदीवर तर पडला नाही? खुद्द पॉइंटरवर?

क्लँगच्या पोटातल्या एलएलव्हीएममध्ये दोन जागा एकच आहेत का असं विचारलं की चारपैकी एक उत्तर मिळतं: नो-एलियास (नाहीत), मे-एलियास (असतीलही), पार्शल-एलियास (थोड्या एकमेकांवर) किंवा मस्ट-एलियास (नक्की एकच). बऱ्याच ॲनालिसिसना पाळीपाळीने विचारलं जातं, आणि कोणीच ठाम बोललं नाही तर मे-एलियास. वाटणीचा कागद दाखवेपर्यंत तलाठी सातबारा सामाईकच धरतो, तसलाच प्रकार.

मग वाटलं, पॉइंटर कुठेकुठे जाऊ शकतो याचं मोठं ॲनालिसिस कामी येईल. अँडरसनच्या १९९४च्या पद्धतीत 'पी बरोबर क्यू' असं लिहिलं की क्यू जिथे जिथे जाऊ शकतो त्या जागांचा संच पीच्या संचात जातो. अचूक, पण वाईटात वाईट वेळ घनाच्या पटीत वाढते. स्टीन्सगार्डने १९९६मध्ये दोन्ही संच एकच करून टाकले. झटपट होतं, पण भरड. जीसीसी या दुसऱ्या कंपायलरचं ॲनालिसिस अँडरसनच्या वळणाचं आहे, म्हणून तोही चालवून पाहिला. तिथेही तेच, कारण माझं फंक्शन दुसऱ्या फाइलमधून बोलावलं जातं. पॉइंटर आला कुठून हे या फाइलमध्ये दिसतच नाही, मग ॲनालिसिस कितीही हुशार असो.

शेवटी उपाय अगदीच साधा निघाला. पॉइंटर, रुंदी आणि मर्यादा लूपच्या आधी लोकल व्हेरिएबलमध्ये घेतली. ज्या लोकलचा पत्ता कोणी घेतलेला नाही, त्याच्यापर्यंत कुठलाच पॉइंटर पोचू शकत नाही, त्यामुळे ती थेट रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या झटपट जागेत) गेली. रिमार्क बदलला आणि १२८ बिटांच्या रजिस्टरमध्ये एका दमात १६ पिक्सेल बसले.

राहिलं दुसरं फंक्शन, एका बफरमधून वाचून दुसऱ्यात लिहिणारं. तिथे कंपायलर लूपच्या वेगवान आणि हळू अशा दोन आवृत्त्या बनवतो आणि दोन्ही बफर एकमेकांवर चढत नाहीत ना, हे सुरुवातीला तपासून त्यातली एक निवडतो. चिपळूणचा मित्र म्हणाला, "रिस्ट्रिक्ट लाव की, सी-९९पासून आहे." मी नाही लावलं. रिस्ट्रिक्ट म्हणजे या जागेला दुसरा पॉइंटर हात लावणार नाही असा आपण दिलेला शब्द, आणि तो पाळला जातोय का हे कंपायलर बहुतेक वेळा बघत नाही. लहान फोटोंसाठी हेच फंक्शन दोन्हीकडे एकच बफर देऊन बोलावलं जातं. त्या वेळी तपासणी नापास होते आणि हळू लूप चालतो. लहान फोटोंना चालतंय तेवढं.