आमची वाटचाल : दात बदला, अडाप्टर वाचवा

पोकलेनवाल्यांचा आमच्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, "बकेटचे झिजलेले दात वेल्डिंगनं भरून मिळतील का?" आणि आमचं उत्तर बऱ्याचदा "नको, नवीन टाका" असं असतं. वेल्डिंगवाल्यानं असं बोलणं म्हणजे चालत आलेलं काम घालवणं, असं शेजारचे दुकानदार अजून म्हणतात. आमचं दुकान मात्र याच उत्तरावर चाललंय.

घराणं लोहाराचं. सांगली जिल्ह्यात विट्याजवळ आजोबांचा भाता होता. विळे, खुरपी, कुऱ्हाडी आणि नांगराचे फाळ. वडिलांनी त्याच्या शेजारी गॅस कटर आणि वेल्डिंगचा ट्रान्सफॉर्मर मांडला. १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झालं, पुढं टेंभू उपसा सिंचन योजनेची कामं खानापूर-आटपाडीच्या माळावर आली आणि त्यांच्यामागून पोकलेन आले. बरेचसे दुसऱ्या-तिसऱ्या हाताचे : एल अँड टीचे जुने ९० सीके, टाटा हिताचीचे ईएक्स २००. आमच्या भागात वर थोडी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. सुरुंगानं फोडून दिला तरी उचलताना हा दगड दात खातोच.

तेव्हा गावोगाव एकच इलाज होता. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा कापायचा आणि झिजलेल्या दाताच्या टोकाला चिकटवायचा. पाट्याचं पोलाद चिवट खरं, पण त्यात कार्बन जास्त. साध्या रॉडनं जोडलं आणि लगेच गार होऊ दिलं की वेल्डच्या कडेचा भाग काचेसारखा ठिसूळ होतो आणि तुकडा दगडातच राहतो. वडील दात आधी भट्टीत तापवायचे आणि वेल्ड झाल्यावर गरम राखेत पुरून ठेवायचे. त्यामुळं त्यांचं काम इतरांपेक्षा जास्त टिकायचं. ही रीत आजोबांच्या भात्यावरची. आयटीआयमध्ये मला तीच प्रीहीट आणि सावकाश थंड करणं या नावांनी शिकवली, तेव्हा जरा गंमत वाटली.

मी दुकानात बसू लागलो तेव्हा बाजारात तयार ओतीव दात सहज मिळायला लागले होते. मग हिशेब मांडला. दात म्हणजे अडाप्टरच्या नाकावर बसणारी टोपी. मधून पिन जाते, लॉक ती धरून ठेवतो. दाताचं पोलाद पाणी देऊन कडक केलेलं असतं. त्यावर भरणी केली की वेल्डच्या उष्णतेनं आजूबाजूचा भाग पुन्हा नरम पडतो. वर कडक, खाली मऊ. रॉड, वीज आणि मजुरी धरली तर खर्च नव्या दाताच्या आसपास जातो. अडाप्टरची गोष्ट वेगळी. तो बकेटच्या ओठाला, म्हणजे पुढच्या कडेला, वेल्ड केलेला असतो. तो बदलायचा तर कापा, घासा, तापवा, ओळीत धरा, पुन्हा वेल्ड करा. तोवर मशीन उभं आणि ऑपरेटरचा पगार चालू.

म्हणून आम्ही गिऱ्हाइकाला एवढंच सांगत आलो की दाताला भोक पडायची वाट बघू नका. भोक पडलं की माती आत शिरते आणि अडाप्टरचं नाक घासतं. मग नवा दातही त्यावर खुळखुळतो, पिन खातो आणि एखाद्या दिवशी गळून पडतो. खडी क्रशरच्या जॉमध्ये, म्हणजे दगड चिरडणाऱ्या जबड्यात, असा दात गेला तर काय होतं, ते क्रशरवाल्यांना विचारा. ज्यांनी अनुभवलंय ते दाताचे पैसे कधी घासाघीस करून देत नाहीत.

झिजलेलं नाक मात्र आम्ही आवडीनं भरतो. चिरा असतील तर पूर्ण कोरून काढायच्या, अडाप्टर १५० ते २०० अंशांपर्यंत तापवायचा, ७०१८ रॉड (कमी हायड्रोजनचा वेल्डिंग रॉड) ओव्हनमधून थेट हातात घ्यायचा. दमट रॉडमुळं वेल्डखाली चीर पडते आणि ती कधीकधी दुसऱ्या दिवशी दिसते. आकार नवा दात घालून-काढूनच तपासतो. साइटवर काम असेल तर वेल्डिंगची अर्थिंग बकेटलाच लावतो. चेसिसला लावलं की करंट सांध्यांतल्या पिन-बुशमधून जातो आणि एक दुरुस्ती करताना दुसरी तयार होते.

डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान आलं आणि नाला खोलीकरणाच्या कामांमुळं आमच्याकडे जेसीबींची रांग लागली. मालक बहुतेक पोरंसोरं, डोक्यावर हप्ता. कडेचे दात मधल्यांपेक्षा आधी जातात, म्हणून वेळेत अदलाबदल करा, हे त्यांना फुकट सांगितलं. सेट जास्त चालला. आमचे दात कमी खपले खरे, पण ती पोरं पुढं पोकलेन घेतल्यावरही आमच्याकडेच आली.

"मँगनीजचा दात द्या" ही मागणी अजून येते. ११ ते १४ टक्के मँगनीजचं पोलाद जबर मार बसला की पृष्ठभागावर कडक होत जातं. खाणीत ते ठीक. नुसत्या मुरमात मार बसत नाही, घासणीच होते. तिथं ते भराभर झिजतं. शिवाय त्याचं वेल्डिंग उलट्या रीतीचं, आधी तापवायचं नाही आणि कामात गरमही होऊ द्यायचं नाही, नाहीतर ठिसूळ होतं. म्हणून दारात लोहचुंबक टांगलाय. अनोळखी दात आला की आधी तो लावून बघतो. मँगनीजला चिकटत नाही.

एकदा एका पुरवठादाराच्या मालात बाहेरून झकास दिसणारे दात आतून पोकळ निघाले. तेव्हापासून प्रत्येक लॉटमधला एक दात आम्ही फोडतो आणि बाकीच्यांवर कानस फिरवतो. कानस सहज चावली की लॉट परत. मुलाच्या मते ही उधळपट्टी आहे; त्यानं कडकपणा मोजायचं छोटं यंत्र आणलंय. यंत्र चांगलं आहे, पण पोकळी त्याला दिसत नाही, म्हणून फोडणं चालूच आहे.

खडकात चालणाऱ्या बकेटच्या ओठावर आम्ही हार्डफेसिंगच्या, म्हणजे झीज सोसणाऱ्या कडक भरणीच्या, रेघा दगड सरकतो त्या दिशेनं ओढतो. वाळू-मातीत चालणाऱ्या बकेटला त्या आडव्या देतो, म्हणजे मधल्या खाचांत माती बसते आणि तीच ओठ राखते. या भरणीवर बारीक आडव्या चिरा दिसल्या की लोक घाबरून फोन करतात. क्रोमियम कार्बाइडच्या रॉडची ती रीतच आहे. चीर खालच्या प्लेटमध्ये उतरली तर मात्र जरूर फोन करा.

आणि भाव विचारताना दात काढून, अडाप्टरचं नाक पुसून त्याचा फोटो पाठवा. नुसता दात बघून आम्ही भाव सांगत नाही.